भूलभुलैयातून पार्टी बाहेर काढायची: हात भिंतीला, खुणा जमिनीवर की नकाशा कागदावर?

भूलभुलैयाच्या संगणक खेळांत तुम्ही चालवता ती साहसवीरांची टोळी म्हणजे पार्टी, आणि भूलभुलैयात पार्टी मरते ती पावलांनी. पावलागणिक राक्षस समोर येण्याची शक्यता असते, मंत्र संपत जातात, आणि वाट सापडेपर्यंत परतण्यापुरतंही बळ उरलेलं नसतं. म्हणून पद्धत निवडताना वाट सापडेल का हे बघाच, पण किती पावलांत सापडेल हेही बघा.

सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे उजवा हात भिंतीला. प्रत्येक फाट्यावर उजवीकडे वळायचं, उजवीकडे वाट नसेल तर सरळ, सरळही नसेल तर डावीकडे, आणि तिन्ही बंद असतील तर मागे. कागद नको, वस्तू नकोत. ज्या भूलभुलैयात वाटा फिरून एकमेकींना मिळत नाहीत, तिथे ही पद्धत हमखास चालते. तिची किंमत मात्र आधीच मोजून घ्या. १९८१ च्या 'विझार्ड्री'त एक मजला २० बाय २०, म्हणजे ४०० चौकोनांचा. अशा पूर्ण मजल्यावर एकही वर्तुळ नसेल, तर सगळा फिरून सुरुवातीला यायला ७९८ पावलं लागतात, कारण ३९९ जोडण्यांपैकी प्रत्येक दोनदा चालावी लागते. नशीब बरं असेल तर पुढच्या मजल्याचा जिना अर्ध्यात सापडेल. वीस पावलांना एक लढाई धरली, तरी पूर्ण फेरीत चाळीस लढाया होतात. पहिल्या मजल्यावर हे खपून जातं, पाचव्यावर नाही.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. वाटा वर्तुळात मिळत असतील आणि जिना मधल्या सुट्या भिंतींच्या बेटाआड असेल, तर बाहेरच्या भिंतीला हात लावून जन्मभर फिरलात तरी तो दिसणार नाही. उलट खड्ड्यातून खाली पडून मजल्याच्या मध्येच उतरला असाल, तर तुमचा हातच अशा एखाद्या बेटाला लागलेला असू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे: त्याच चौकोनात, त्याच दिशेला तोंड करून परत आलात की फेरी पूर्ण झाली. मग समोरची भिंत धरा, दुसरी फेरी मारू नका. शिवाय हात लावत जाताना प्रत्येक दार ही वाटच धरायची असते, आणि गुप्त दारं तर डोळ्यांना दिसतही नाहीत. 'विझार्ड्री'त उजेडाचा मंत्र चालू असेल तर ती दिसतात, म्हणून तो आधी टाकून ठेवलेला बरा.

वर्तुळांवरचा खरा उतारा म्हणजे खुणा. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या त्रेमो यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. फाट्यात शिरताना आणि फाट्यातून निघताना त्या-त्या वाटेच्या तोंडाशी एकेक खूण करायची. नवा फाटा असेल तर बिनखुणेची कुठलीही वाट घ्या. नव्या वाटेने जुन्याच फाट्यावर पोचलात तर आल्या पावली मागे फिरा. बाकी वेळी सगळ्यात कमी खुणांची वाट घ्या, पण दोन खुणा असलेल्या वाटेत पुन्हा कधीच शिरू नका. यात कुठलीही वाट दोनपेक्षा जास्त वेळा चालावी लागत नाही, आणि बेटाआडचा जिनाही निसटत नाही.

खुणा करायच्या कशाने? १९८७ च्या 'डंजन मास्टर'सारख्या खेळात जमिनीवर टाकलेली वस्तू तिथेच राहते. विझलेल्या मशाली आणि हाडं याच कामाची. पण हिशेब घाला: तीन तोंडांचे २५ फाटे म्हणजे ७५ तोंडं, प्रत्येकी दोनपर्यंत खुणा, म्हणजे १५० वस्तू. एवढं ओझं कुणाच्या पिशवीत मावत नाही. म्हणून वस्तू फक्त जिथे फसायला झालं त्या चार-पाच फाट्यांवर टाका. दाबपट्टीवर चुकूनही ठेवू नका, तिच्या वजनाने भलतंच दार उघडं राहील. आणि 'विझार्ड्री'त टाकलेली वस्तू कायमची जाते, तिथे हा विचारच सोडा.

राहिला ग्राफ पेपर. वेळ सगळ्यात जास्त तोच खातो, तरी जुन्या धर्तीच्या खेळात मी डोळे मिटून तोच निवडीन. सुरुवातीलाच एक गोष्ट तपासा: भिंत पातळ आहे की चौकोनभर जाड. 'विझार्ड्री' आणि १९८५ चा 'द बार्ड्स टेल' यांत भिंत दोन चौकोनांच्या मधली रेघ असते, म्हणून कागदावर रेघच ओढायची. 'डंजन मास्टर'मध्ये भिंत अख्खा चौकोन व्यापते, तिथे चौकोन भरून टाकायचा. यात घोळ झाला तर दहा पावलांतच नकाशा जुळेनासा होतो, आणि लोक उगाच टेलिपोर्टरला, म्हणजे पार्टीला न सांगता दुसरीकडे नेऊन टाकणाऱ्या चौकोनाला, दोष देत बसतात.

टेलिपोर्टर खरोखर असला तर त्याला पकडणंही फक्त नकाशालाच जमतं. 'विझार्ड्री'त पहिल्याच पातळीचा दुमापिक मंत्र आहे. तो पार्टीचं तोंड कुठे आहे आणि वर किल्ल्यात जाणाऱ्या जिन्यापासून ती पूर्वेला, उत्तरेला किती चौकोनांवर आहे ते सांगतो. समजा पूर्वेच्या पाचव्या घरापासून सहा पावलं सरळ पूर्वेला गेलात आणि मंत्र म्हणतो, पूर्वेला ३. मग अकराव्या घराच्या वाटेवर कुठेतरी उडी झाली. मागे जाऊन प्रत्येक दोन पावलांनी मंत्र टाका, घर सापडेल, तिथे 'ट' लिहा. आकडे बरोबर पण तोंड चुकीच्या दिशेला असेल तर तो स्पिनर, गोल फिरवणारा चौकोन. तिथून निघताना आधी दिशा विचारा, मगच पाऊल टाका. अंधाराच्या पट्ट्यात उजेडाचा मंत्र विझतो, तिथे प्रत्येक बाजूला धडकून भिंत कळते. धडकलेल्या बाजूच कागदावर घ्या. भाग जुळत नसेल तर पुसत बसू नका, कोऱ्या कोपऱ्यात वेगळा तुकडा सुरू करा. दोन तुकडे पुढे आपोआप जुळतात.

ऑटोमॅप, म्हणजे खेळच काढत जाणारा नकाशा, किंवा खेळातच नकाशा काढायची सोय असेल तर हे सगळं बरंच हलकं होतं. २००७ च्या 'एट्रियन ओडिसी'त निन्टेन्डो डीएसच्या खालच्या पडद्यावर लेखणीने नकाशा काढणं हाच खेळाचा गाभा आहे, आणि अरियाडनीचा धागा वापरला की पार्टी थेट गावात परतते. तो नसताना आत शिरू नका. २०१२ च्या 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक'मध्ये जुन्या धाटणीचा मोड निवडला तर ऑटोमॅप बंद होतो, तेव्हा कागद आधीच हाताशी ठेवा.

काही जागा मात्र भूलभुलैया वाटतात, पण कुलूप असतात. १९८६ च्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'तलं हरवलेलं वन तसं आहे: उत्तर, पश्चिम, दक्षिण, पश्चिम या क्रमाने गेलात तरच पुढे जाता, नाहीतर तोच पडदा पुन्हा. तिथे हात, खुणा, कागद सगळं फुकट. तीन पडदे एकसारखे दिसले, की चालणं थांबवा आणि खेळातल्या पात्रांनी काय सांगितलं होतं ते आठवा. तेही मिळालं नाही, तर तयार उत्तर बघायला हरकत नाही, कारण क्रम शोधण्यात कौशल्य फारसं नसतं. पण अख्ख्या मजल्याचा नकाशा बघण्यापेक्षा जिन्याचे आकडे तेवढे बघून थांबा. बाकीच्या चौकोनांतली गुप्त दारं आणि पेट्या तुमच्यासाठी तशाच राहतील.