टेस्टो ४०५आय : अडचणीच्या जागी वारा मोजायला

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एसीच्या डक्टचं बॅलन्सिंग (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांतून प्रत्येक खोलीला हवी तेवढी हवा मिळेल असं जुळवणं) करणाऱ्याला ऐसपैस जागा कुठली! फॉल्स सीलिंगच्या वर जेमतेम डोकं शिरतं. तिथे १०० मिलिमीटर पंख्याचा ॲनिमोमीटर, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, नुसता मिरवायचा. टेस्टो कंपनीचं ४०५आय हे दांडीवालं वेगमापक मात्र कामाला येतं. डक्टला भोक पाडायचं आणि ४०० मिलिमीटरपर्यंत लांबणारी दांडी आत सारायची. टोकाशी तापवलेला सेन्सर असतो. वारा त्याला किती गार करतो त्यावरून वेग कळतो. एका जागी मोजून भागत नाही, कारण पत्र्यालगत वारा मंद आणि मध्ये जोरात. डक्ट फार रुंद असेल आणि दांडी पुरत नसेल तर दोन्हीकडून भोकं पाडा.

पिटो ट्यूबवाले (वाऱ्याच्या दाबावरून वेग काढणारी नळी वापरणारे) नाक मुरडतील. मुरडू देत. सेकंदाला २ मीटर वेगाला पिटोवर दाब येतो २.४ पास्कल, साध्या हातातल्या मॅनोमीटरला, म्हणजे दाबमापकाला, तो धड कळतही नाही. १० मीटरला मात्र ६० पास्कल होतात, मग पिटोच बरा, विशेषतः धुळीत. तापत्या सेन्सरवर धूळ बसली की आकडा कमी दिसतो.

४०५आयला स्क्रीन नाही, सगळं ब्लूटूथने मोबाइलवर. आणि काही औषध कंपन्यांत मोबाइल गेटवरच जमा! तिथे स्क्रीनवालंच यंत्र न्या. क्लीनरूमच्या (धूळ-जंतू न शिरू देणाऱ्या) दोन खोल्यांमधला हवेच्या दाबाचा १०-१५ पास्कलचा फरक पाहायला डिफरन्शियल, म्हणजे दोन दाबांतला फरक दाखवणारा, मॅनोमीटर वेगळा लागतोच.

रबरी बुचं खिशात ठेवा. नाहीतर त्या भोकातून शिट्टी वाजते, आणि मी दांडिया बाजारात घरी पोचायच्या आत मॅनेजरसाहेबांचा फोन.