बदलापूर लोकल, चौथी सीट आणि स्विच लाइटवरचे स्ट्रॅटेजी गेम

बदलापूरहूनच सुटणारी सकाळची लोकल मिळाली तर बसायला जागा मिळते, आणि मग सीएसएमटीपर्यंत साधारण दीड तास माझा एकटीचा असतो. म्हणजे कल्याणपर्यंत तरी नक्की, कारण कल्याणला जी गर्दी आत येते त्यानंतर तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर कुणीतरी टेकतंच, कोपर हलवायला जागा राहत नाही आणि हातातली वस्तू छातीशी धरून बसावं लागतं. मी गेली काही वर्षं ह्याच दीड तासात स्विच लाइटवर, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या छोट्या कन्सोलवर, स्ट्रॅटेजी गेम (डावपेचांचे गेम) खेळते, त्यामुळे कुठला गेम घ्यावा असं कोणी विचारलं की माझं उत्तर थोडं ह्या डब्यातून येतं. घरी सोफ्यावर बसून मोठ्या टीव्हीवर खेळणाऱ्यांचं मत वेगळं असू शकेल, आणि ते बरोबरही असेल.

माझी कसोटी एकच आहे. डाव अर्धा टाकून उठता आलं पाहिजे, आणि संध्याकाळी परत उघडला की मी कुठे होते, काय करणार होते हे दहा सेकंदात कळलं पाहिजे. स्लीपचं बटण दाबलं की स्विच कुठलाही गेम आहे तिथे थांबवतो, तो प्रश्न नाहीच. प्रश्न आपल्या डोक्याचा आहे. दिवसभर ऑफिसात डोकं खपवल्यावर सकाळचा डाव आठवतो का, की पुन्हा सगळं वाचत बसावं लागतं, इथेच खूप चांगले चांगले गेम पडतात.

ह्या कसोटीवर माझ्यासाठी सगळ्यात वरचा गेम इनटू द ब्रीच, आणि दुसरा नंबर बराच खाली सुरू होतो. सबसेट गेम्स नावाच्या छोट्याशा स्टुडिओने केलाय, त्यांचा आधीचा गेम एफटीएल. स्विचवर हा 2018 च्या ऑगस्टमध्ये आला. आठ बाय आठचा पट, म्हणजे बुद्धिबळाएवढीच 64 घरं. तुमच्याकडे फक्त तीन मेक, म्हणजे माणूस आत बसून चालवतो ते अवाढव्य रोबो, आणि समोर जमिनीतून वर येणारे व्हेक नावाचे राक्षसी किडे. पटावर इमारती आहेत, त्यात माणसं राहतात आणि त्यांच्यावरच तुमचं पॉवर ग्रिड चालतं, इमारत पडली की ग्रिड उतरतं आणि ग्रिड शून्य झालं की खेळ संपला. एक लढाई साधारण पाच टर्नची, म्हणजे पाच पाळ्यांची. अंबरनाथ ते डोंबिवलीत एक आरामात होते.

आता ह्यातली खरी गंमत अशी की शत्रू काय करणार आहे ते गेम तुम्हाला आधीच दाखवतो. कुठला किडा कुठल्या घरावर मारणार, किती मारणार, कोण आधी कोण नंतर, पुढच्या टर्नला कुठल्या घरातून नवीन किडा वर येणार, सगळं पटावर उघडं. नशिबाचा भाग जवळजवळ नाही (मार बसूनही इमारत वाचण्याची थोडीशी शक्यता असते, तेवढंच). त्यामुळे हरलात तर ती तुमचीच चूक, फाशांना दोष देता येत नाही. आणि तुमचं काम मारणं हे नाहीच, तुमचं काम ढकलणं आहे. किड्याला एक घर सरकवलं की त्याचा नेमही त्याच्याबरोबर सरकतो. पाण्यात ढकला, बुडाला. दुसऱ्या किड्यावर ढकला, दोघांनाही लागलं. हे एकदा डोक्यात बसलं ना, की पट वेगळाच दिसायला लागतो.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. माझ्या शेजारी बऱ्याचदा एक काकू बसतात, अंबरनाथला चढतात, रोज पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवतात, पेन्सिल नाही. कोडं संपलं की त्या माझ्या स्क्रीनकडे बघत बसायच्या. काही महिने नुसतंच बघणं चाललं होतं. त्या दिवशी मी एका टर्नला अडकले होते. एक फायरफ्लाय, जो सरळ रेषेत थुंकतो, तो एका इमारतीवर नेम धरून होता. एक स्कॅरब, जो लांबून उडवून मारतो, तो दुसऱ्या इमारतीवर, त्याचा एकच जीव उरला होता पण माझा एकही मेक त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. आणि तिसरीकडे जमीन फुटून नवीन किडा येणार होता, तिथे एक मेक उभा करून त्याला दाबायचं हे ठरलेलं होतं. म्हणजे एक इमारत जाणार हे मी मनाशी मान्य करून टाकलं होतं, फक्त कुठली जाऊ द्यायची तेवढंच बघत होते.

काकू म्हणाल्या, "अगं, ह्याला मारतेस कशाला, एक घर खाली ढकल ना. त्याचं थुंकणं त्या दुसऱ्याला लागेल."

मी बघितलं. फायरफ्लाय एक घर खाली गेला की त्याची रेषा बरोबर स्कॅरबच्या ओळीत येत होती. आणि क्रम बघितला तर फायरफ्लायचा नंबर स्कॅरबच्या आधी. आर्टिलरी मेकचा, म्हणजे लांबून तोफ डागणाऱ्या मेकचा, गोळा त्याच्या वरच्या मोकळ्या घरात टाकला, हा गोळा पडला की आजूबाजूची चारही घरं बाहेर ढकलली जातात, फायरफ्लाय खाली सरकला, थुंकला, स्कॅरब मेला, आणि मेल्यामुळे त्याचा हल्लाच झाला नाही. दोन्ही इमारती उभ्या. काकूंनी पेपराची घडी केली आणि एवढंच म्हणाल्या, "बघ."

मला त्या दिवशी ह्या गेमचं मोठेपण खऱ्या अर्थाने कळलं. काकूंनी आयुष्यात कधी कन्सोल हातात धरला नव्हता, त्यांना मेकची नावं माहीत नव्हती, स्क्रीनवरचं इंग्रजी त्या वाचतही नव्हत्या, तरी नुसतं शेजारून बघून त्यांना चाल दिसली. इतका स्वच्छ पट बाकी कुठल्याही गेमचा मी बघितलेला नाही.

अजून दोन-तीन गोष्टी. हल्ला करायच्या आधी चाल मागे घेता येते, आणि प्रत्येक लढाईत एकदा अख्खी टर्न परत खेळता येते, फक्त एकदा, आणि ती एकदाची संधी कधी वापरायची हाही एक निर्णय होऊन बसतो. ह्या लढाया चार बेटांवर होतात, पण दोन बेटं वाचवली की शेवटच्या लढाईला जाता येतं, त्यामुळे जाऊन-येऊन मिळून माझा एक फेरा पूर्ण होतो. मेकचा चक्काचूर झाला तर आतला पायलट जातो, मेक पुढच्या लढाईत परत मिळतो पण पायलट नाही. सगळं हरलात तरी एक पायलट निवडून त्याच्या अनुभवासकट पुढच्या फेऱ्यात नेता येतो. माझा राल्फ असा कितीतरी जगं फिरून आलाय. 2022 च्या जुलैमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड एडिशनचं अपडेट फुकट मिळालं, त्यात पाच नवीन स्क्वॉड (तीन-तीन मेकच्या तुकड्या) आले, म्हणजे संपत आलाय असं वाटत होतं तो गेम पुन्हा नवा झाला. किंमत 15 डॉलर. एवढ्या पैशात एवढे तास मला दुसऱ्या कशानेच दिलेले नाहीत.

कमी काय? गोष्ट फारशी नाही. माणसं आवडावीत, त्यांच्यात जीव गुंतावा असं ज्यांना हवंय त्यांना हा गेम कोरडा वाटेल.

मग त्यांच्यासाठी फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस, 2019 चा. तुम्ही एका मठात शिक्षक, विद्यार्थ्यांच्या तीन गटांपैकी, म्हणजे हाउसपैकी, एक निवडायचं, त्या मुलांना शिकवायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं, चहा प्यायचा, हरवलेल्या वस्तू ज्याच्या त्याला नेऊन द्यायच्या, आणि महिन्याच्या शेवटी लढाई. क्लासिक मोडवर खेळलात तर मेलेला विद्यार्थी परत येत नाही. तो मोडच निवडा असं माझं कळकळीचं म्हणणं आहे, चूक झाली तर काही चाली मागे जायची सोय आहेच. (पुढच्या दोन-तीन वाक्यांत गोष्ट फुटते, खेळायचा असेल तर हा परिच्छेद सोडा.) शाळेत असताना ग्रॉन्डरच्या मैदानावर तिन्ही हाउसची मैत्रीची लढाई होते, नुसती स्पर्धा. मी गोल्डन डियर हे हाउस घेतलं होतं. पाच वर्षांनंतर त्याच मैदानावर तीच मुलं खरी शस्त्रं घेऊन समोर येतात, मधल्या टेकडीवर बर्नाडेटा असते, खोलीतून बाहेर यायला घाबरणारी मुलगी, आणि ती टेकडी तिच्याच बाजूचे लोक पेटवून देतात. मी हे घाटकोपरच्या आसपास खेळत होते आणि मला स्विच बंद करून खिडकीबाहेर बघत बसावं लागलं. लढाईच्या बाबतीत मात्र हा इतका अवघड नाही, आणि मठात हिंडण्यात अर्धा तास कसा जातो कळत नाही, त्यामुळे लढाई हवी असते त्या दिवशी मी हा उघडत नाही. हा रविवारचा गेम आहे.

दुसरा नंबर मी देते तो अ‍ॅडव्हान्स वॉर्स 1+2: री-बूट कॅम्पला. मूळचा पहिला भाग 2001 चा, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा, दुसरा 2003 चा, दोन्ही नव्याने रंगवून एकत्र दिलेत. 2022 च्या एप्रिलमध्ये यायचा होता, पण युक्रेनमध्ये खरं युद्ध सुरू झालं आणि निन्टेन्डोने तो पुढे ढकलला, शेवटी 2023 च्या एप्रिलमध्ये आला. मला तो निर्णय योग्य वाटला. रणगाड्यांची रंगीत चित्रं हलवत बसायची ती वेळ नव्हती.

ह्याचं सौंदर्य हिशोबात आहे. शहर काबीज करायला 20 पॉइंट लागतात, पायदळाची तुकडी पूर्ण दहाची असेल तर दोन टर्नमध्ये शहर तुमचं, मार खाऊन पाचची झाली असेल तर चार. प्रत्येक शहर दर टर्नला खेळातले 1000 पैसे देतं, पायदळ 1000 ला, रणगाडा 7000 ला, तोफ 6000 ला पण तोफ ज्या टर्नला हलते त्या टर्नला डागता येत नाही. एवढ्या साध्या आकड्यांवर सगळं उभं आहे आणि तरी पहिली दोन शहरं कोणी घ्यायची ह्यावरून अख्खी लढाई फिरते. शिवाय तुमचा कमांडर कोण त्यावर चाल बदलते, सॅमीचं पायदळ भराभर शहरं घेतं, मॅक्सचे रणगाडे जोरदार पण लांब पल्ल्याच्या तोफा कमजोर. एक सांगायचं राहिलं, स्विच लाइटवर डाव्या हाताला खरा प्लसच्या आकाराचा डी-पॅड, म्हणजे दिशांचं बटण, आहे, जो मोठ्या स्विचच्या जॉयकॉनवर नाही, तिथे चार सुटी बटणं आहेत. कर्सर एकेक घर मोजून न्यायचा असतो तेव्हा तो डी-पॅड बोटाखाली इतका छान लागतो की ह्या एका गेमसाठी मी लाइटच घ्या म्हणेन. तक्रार एवढीच की पुढच्या लढाया लांबतात, तासाच्या वर जातात, आणि धुक्याची लढाई असेल, म्हणजे जवळ गेल्याशिवाय शत्रू दिसत नाही अशी, तर सकाळी कुठल्या जंगलात कोण दिसलं होतं ते संध्याकाळपर्यंत डोक्यातून गेलेलं असतं. मी त्यासाठी मोबाइलमध्ये नोट लिहून ठेवते, "उत्तरेच्या जंगलात दोन रणगाडे" वगैरे.

आता ज्याबद्दल सगळ्यात जास्त विचारतात तो सिव्हिलायझेशन 6, शहरं वसवून अख्खा देश वाढवत न्यायचा गेम. गेम म्हणून महान, मी घरी कॉम्प्युटरवर शेकडो तास खेळलेय आणि त्याच्या विस्तारात (वेगळा विकत मिळणारा जादा भाग) चंद्रगुप्त मौर्य घेऊन खेळायला मिळतं ह्याचा मला मनापासून आनंद आहे. पण लाइटचा स्क्रीन साडेपाच इंचाचा, त्यावर त्यातली अक्षरं मुंग्यांसारखी, हलत्या गाडीत डोळे दुखतात. आणि खेळ पुढे गेला की एकेका टर्नला इतकी शहरं, इतके कारागीर, इतके धोरणांचे कागद सांभाळायचे असतात की संध्याकाळी उघडल्यावर आपण कुठल्या देशाशी का भांडत होतो हेच आठवत नाही. टेबलावर ठेवून खेळणाऱ्यांनी, किंवा सात इंची स्क्रीनचा स्विच ओलेड असणाऱ्यांनी जरूर घ्यावा. गाडीत नको.

ट्रँगल स्ट्रॅटेजी 2022 चा, त्यात एक फार सुंदर कल्पना आहे, मोठा निर्णय तुम्ही एकट्याने घेत नाही, तराजूवर तुमचे साथीदार मत टाकतात आणि तुम्हाला आधी एकेकाला भेटून पटवावं लागतं, आणि कधीकधी पटत नाही. उंचीवरच्या लढायाही चांगल्या. पण बोलणी फार लांब. ठाण्याला सुरू झालेली चर्चा भायखळ्यापर्यंत चालते.

मारिओ प्लस रॅबिड्स: किंगडम बॅटल हा ज्यांनी असले गेम कधीच खेळले नाहीत त्यांच्यासाठी. दिसायला पोरकट आहे म्हणून सोडू नका, आडोसा कुठे घ्यायचा, कोणी कोणाच्या खांद्यावरून उडी मारून पुढे जायचं हे फार नीट शिकवतो, आणि सेलमध्ये अगदी थोड्या पैशात मिळतो. माझ्या भाचीने दहाव्या वर्षी ह्याच्यावर सुरुवात केली, आता ती अ‍ॅडव्हान्स वॉर्समध्ये मला हरवते.

पैसे एकाच गेमपुरते असतील तर इनटू द ब्रीच घ्या, फार विचार करू नका. बाकीचे निघाले तेव्हा 60 डॉलरचे होते, ते सेकंड हँड कार्ट्रिजवर घ्या. पण दुकानातच स्विचमध्ये घालून चालतं का ते बघा, मी एकदा न बघता घरी आणलं आणि ते उघडलंच नाही, परत गेले तर दुकानदार ओळख द्यायला तयार नाही. तेव्हापासून स्विच पर्समधून काढून आधी तिथेच लावते, मग पैसे.

सध्या मी ब्लिट्झक्रीग स्क्वॉड घेऊन हार्ड मोडवर चार बेटं करायच्या मागे आहे. ह्या स्क्वॉडची वीज शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांमधून जाते, आपलेच मेक त्यात सापडतात, म्हणून आपली माणसं कुठे उभी करायची हेच जास्त अवघड. तिसऱ्या बेटावर अडकलेय. काकू ह्या आठवड्यात गावाला गेल्यात, सोमवारी येतील.