पहिली .२२ रायफल : पंधरा महिने आणि दोन पावसाळे

गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझी .२२ रायफल (म्हणजे ०.२२ इंची नळीची) अचानक उजवीकडे वर मारायला लागली. गोळ्या त्याच, अंतर तेच ५० मीटर, पोझिशन तीच प्रोन, म्हणजे पोटावर आडवं होऊन, आणि तरी सगळा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, चांगला दोन बोटं सरकलेला. आधी वाटलं माझाच श्वास चुकतोय. मग साइटचे, म्हणजे नेम धरायच्या माशीचे, स्क्रू तपासले. शेवटी रायफल क्लबमधल्या एका काकांनी खिशातून पेट्रोलचं बिल काढलं, बॅरल (नळी) आणि तिच्या खालच्या लाकडाच्या फटीतून सरकवून पाहिलं. कागद मध्येच अडकला. "अगं, लाकूड फुगलंय, नळीला टेकतंय," ते म्हणाले.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण रायफल निवडताना मी किंमत, वजन, नाव सगळं पाहिलं होतं. आपण खाडीकाठी राहतो हे मात्र ध्यानात घेतलं नव्हतं. मी ठाण्यात कोलशेतला राहते. इथे जूनपासून चपलांनासुद्धा बुरशी येते.

आता सुरुवातीपासून. कॉलेजात असताना एनसीसीत २५ यार्डांवर .२२ चालवली होती. तो नाद डोक्यातून गेला नाही. नोकरीत स्थिरावल्यावर क्लबची सभासद झाले, दीड वर्ष क्लबच्याच रायफलींवर शिकले आणि मग स्वतःच्या रायफलीसाठी अर्ज केला. नव्या माणसाला हाच क्रम सांगेन. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला टार्गेट प्रॅक्टिससाठी लागणाऱ्या .२२ रायफलीचा वेगळा उल्लेख आहे, त्यामुळे 'रायफल कशाला हवी' या प्रश्नाला तुमच्याकडे खरं आणि कागदावर दाखवता येईल असं उत्तर असतं. वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. ठाणे आणि नवी मुंबईत अर्ज आपापल्या पोलीस आयुक्तालयाकडे जातो. माझी फाइल लांबली ती माझ्याच चुकीने: आधारवर माहेरचा पत्ता होता आणि वीजबिलावर सासरचा. पत्त्याचे सगळे कागद एकसारखे करून मगच अर्ज भरा.

परवाना हातात आला तेव्हा समोर दोन वाटा होत्या. एक, पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली नवी देशी .२२. दुसरी, जुनी परदेशी. सामान्य माणसासाठी बंदुकांची आयात ऐंशीच्या दशकापासून जवळजवळ बंदच आहे, त्यामुळे त्याआधी आलेल्या रायफलीच हातोहाती फिरतात आणि त्यांच्या किमती वयाबरोबर उतरण्याऐवजी चढतात. ब्रनो ही चेक बनावटीची रायफल म्हटलं की विकणाऱ्याचा आवाजच बदलतो. मी देशी घ्यायचं जवळपास ठरवलं होतं. तेवढ्यात क्लबमधले एक सत्तरीचे गृहस्थ, डोळ्यांच्या त्रासामुळे, आपली ब्रनो मॉडेल २ विकायला निघाले. बाजारात मागतात त्याहून पुष्कळ कमी पैशांत त्यांनी ती मला दिली. अट एकच होती, कपाटात पडू द्यायची नाही.

जुनी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. विकणाऱ्याने आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस जावे लागतात. "आधी घेऊन जा, कागद नंतर करू" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

त्या दीड महिन्यात मी ती रायफल तीनदा तपासली, आणि तेच माझ्या निवडीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम ठरलं. बोल्ट अॅक्शनचा, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा हाताने मागेपुढे करायच्या रचनेचा, मोठा फायदा हा, की बोल्ट बाहेर काढला की मागून थेट नळीतून उजेडाकडे बघता येतं. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा, शेवटपर्यंत धारदार दिसले पाहिजेत आणि मध्ये काळी वर्तुळं नकोत. तोंडाची कड एकसारखी हवी, कारण गोळीचा शेवटचा स्पर्श तिलाच होतो. मग चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागाची, कड. ही तपासणी .२२ सारख्या रिमफायरमध्येच का महत्त्वाची? .२२ च्या काडतुसाला मधोमध टोपी नसते, स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. रिकामी रायफल पुन्हापुन्हा खटखट चालवली तर पिन काडतुसाऐवजी चेंबरच्या कडेवर बसते आणि तिथे खळगा पडतो. मग काडतूस नीट बसत नाही, निघताना अडतं, कधी फुटतच नाही. मी नखाने कड चाचपली, गुळगुळीत होती. तेव्हाच मन बसलं. सरावासाठी आजही मी वापरलेलं रिकामं काडतूस किंवा स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) घातल्याशिवाय ट्रिगर दाबत नाही.

अंगाला बसण्याचा मुद्दाही तेवढाच मोठा. माझी उंची पाच फूट दोन इंच. क्लबच्या काही रायफलींचा बट, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, मला इतका लांब पडायचा की गाल जागेवर टेकवायला मान ताणावी लागायची. हिचा बट आखूड आहे आणि वजन तीन किलोच्या आसपास, त्यामुळे तासाभराच्या सत्रानंतरही खांदा भरून येत नाही. दुकानात रायफल उभ्याने खांद्याला लावून निर्णय घेऊ नका. सतरंजीवर आडवं होऊन, स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा) लावून, डोळे मिटून पोझिशन घ्या. डोळे उघडल्यावर साइट समोर असेल तर ती रायफल तुमची.

आतापर्यंत साधारण २,००० राउंड झाले. खरी शिकवणी गोळ्यांनी घेतली. ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमहून थोडी जड शिशाची गोळी. माझा समज होता, वेगवान तेवढी चांगली. हाय व्हेलॉसिटी गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात निघते, वाटेत तिचा वेग आवाजाच्या वेगाखाली येतो आणि त्या संक्रमणात ती डगमगते. स्टँडर्ड व्हेलॉसिटी मुळातच त्याच्या खाली राहते. माझ्या रायफलीत ५० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप वेगवान गोळ्यांनी ४० मिलिमीटरच्या आसपास आला, साध्या स्टँडर्डने २५ च्या. तीन प्रकारच्या एकेक पेट्या घेऊन मारा, वहीत लिहा, आणि मग जी पटेल तिच्यावरच राहा. मी रायफलीत वाचवलेले पैसे याच कामाला लावले आणि त्याचं मला समाधान आहे.

नेमबाज स्वप्नील कुसाळेंना पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ मिळाल्यापासून ऑफिसात मला विचारतात, "तुझी पण तीच का गं?" नाही. त्यांच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं आणि उभ्याने) दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. त्या स्पर्धेच्या रायफलीचा बट, गालपट्टी सगळं मिलिमीटरने जुळवता येतं, साइट डायॉप्टर, म्हणजे बारीक भोकातून बघायची असते. माझी रायफल पाया पक्का करायला आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या तेव्हा मी शाळेत होते. तो फोटो अजून माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला आहे.

आता पुन्हा त्या फुगलेल्या लाकडाकडे. आधीच्या मालकांनी बॅरल मोकळी राहावी म्हणून खालचं लाकूड आतून तासलं होतं. काम छान, पण तासलेली बाजू उघडी राहिली आणि पावसाळी दमट हवा तिथूनच शिरली. मला तिथल्या तिथे पॉलिश पेपर मारायची घाई झाली होती, काकांनी थांबवलं. ओलं लाकूड तासलं तर हिवाळ्यात फट वेडीवाकडी होणार. बॅरल सोडवून लाकूड पंधरा दिवस घरात पंख्याखाली वाळवलं, मग हलकासा हात फिरवला आणि आतून व्हार्निशचे तीन पातळ हात दिले. यंदाच्या जुलैत बिल टोकापासून मागेपर्यंत सरळ सरकलं आणि झिरो, म्हणजे साइटची जुळवणी, जागच्या जागी आहे.

दुसरा धडा गंजाचा. फोम लावलेली कडक पेटी दिसते झकास, पण तो फोम ओल धरून ठेवतो. दहा दिवस पेटी उघडली नाही, तर बोल्टच्या मुठीवर तपकिरी ठिपके. आता पेटी फक्त प्रवासापुरती. घरी रायफल पुसून, तेलाचा पातळ हात देऊन, सुती गलेफात, कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसोबत. बोल्ट वेगळ्या कुलपात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ती जमा करावी लागली, तेव्हाही असंच तेल लावून दिली आणि जशीच्या तशी परत आली. नळी मात्र मी दर वेळी घासत नाही. शिशाच्या गोळीवरचं मेण नळीत एकसारखं बसलं की ग्रुप स्थिरावतो. उलट लख्ख केल्यावर पहिले दहा-बारा राउंड भटकतात. चेंबर आणि बोल्टचं तोंड तेवढं दर सत्रानंतर पुसते.

आणि हे मनापासून: मुरबाड, शहापूरकडे कुणाचं शेत आहे म्हणून तिथे "दोन राउंड मारून बघू" असं आमंत्रण मला तीनदा आलं. तिन्ही वेळा नाही म्हटलं. ही छोटी दिसणारी गोळी दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते आणि पलीकडे कोण गवत कापतंय ते आपल्याला दिसत नसतं. टार्गेट प्रॅक्टिसच्या परवान्याची जागा रेंजवरच.

अडचण उरलीय ती मॅगझीनची, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीची. पाच राउंडचं एकच आहे, आणि त्याची स्प्रिंग जुनी झाल्याने पाचवं काडतूस कधीकधी नाक खाली घालतं. म्हणून मी चारच भरते. दुसऱ्या मॅगझीनसाठी काकांनी पुण्यातल्या त्यांच्या एका जुन्या मित्राला सांगून ठेवलंय. पुढच्या महिन्यात बालेवाडीला जाणार आहे, तेव्हा त्यांच्याकडेही डोकावेन.