८६५ मेगाहर्ट्‌झवर ड्रोनची टेलिमेट्री, ५.८ गिगाहर्ट्‌झवर व्हिडिओ: उसाच्या पट्ट्यातला वापरानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात, वळीव पडायच्या आधी, ड्रोनशी लांबून बोलायचा हा रेडिओ सेटअप जोडला. तेव्हापासून वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या रानात तो सतत कामावर आहे. काम पिकांच्या पाहणीचं आणि शेताचे नकाशे करण्याचं. ड्रोन नजरेच्या टप्प्यातच ठेवतो, ग्रीन झोनमध्ये (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही), ४०० फुटांच्या खाली. मग लांब पल्ल्याचे रेडिओ कशाला, असं बरेच जण विचारतात.

उसासाठी! पाणंदीत उभं राहिलं की दोन्ही अंगाला दहा-बारा फुटांची हिरवी भिंत असते, आणि सकाळी ती दवाने निथळत असते. पाचशे मीटरवरचं ड्रोन उसाच्या फटीतून दिसतं, पण हातातल्या अँटेनापासून त्याच्यापर्यंतची वाट ओल्या पानांतून जाते आणि साधा टेलिमेट्री रेडिओ (ड्रोनची माहिती खाली आणणारा) तिथेच अडखळतो. मला किलोमीटर वाढवायचे नव्हते. सिग्नल पडला तरी काम चालू राहील इतके डेसिबल (सिग्नलच्या जोराचं माप) राखीला हवे होते.

सामान असं: ड्रोनवर उडवणारं सॉफ्टवेअर अर्डुपायलट, टेलिमेट्रीला सिक नावाच्या फर्मवेअरवर चालणाऱ्या रेडिओंची १ वॉटची जोडी, कंट्रोलला २.४ गिगाहर्ट्‌झचं एक्सप्रेसएलआरएस (रिमोटचा रेडिओ), आणि व्हिडिओला ५.८ गिगाहर्ट्‌झवर ओपनआयपीसी सॉफ्टवेअरचा कॅमेरा व डब्ल्यूएफबी-एनजी (वाय-फाय कार्डांवरून चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर). खाली लॅपटॉपवर ड्रोनवर लक्ष ठेवायला मिशन प्लॅनर.

फ्रीक्वेन्सीचं आधी बघा, कारण इथे बाजारात सर्रास ९१५ मेगाहर्ट्‌झचे मॉड्यूल गळ्यात मारले जातात. ते अमेरिकेसाठीचे. आपल्याकडे ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाइल हँडसेट टॉवरशी बोलतात, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या परवान्याच्या जागेत घुसता. विनापरवाना वापरायला आपल्याकडे ८६५ ते ८६८ खुला आहे, १ वॉट ट्रान्समीटर आणि अँटेनासकट ४ वॉटपर्यंत, एका वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्‌झ. मी ८६८ म्हणून विकले जाणारे मॉड्यूल घेतले आणि किमान-कमाल फ्रीक्वेन्सीत ८६५००० आणि ८६७००० (किलोहर्ट्‌झ) भरलं. दोन्ही टोकांना आकडे तंतोतंत तेच हवेत, नेट आयडी (जोडीचा ओळख क्रमांक) सुद्धा, नाहीतर हिरवा दिवा नुसता लुकलुकत राहतो. हवेतला डेटा वेग ६४ किलोबिटवरून ३२ वर आणला आणि मिशन प्लॅनरमधले टेलिमेट्रीचे दर २ हर्ट्‌झवर. नकाशाच्या कामाला सेकंदाला दोनदा माहिती पुष्कळ झाली, आणि वेग कमी केला की रिसीव्हरला जास्त क्षीण सिग्नल ऐकू येतो.

या बँडची एक अडचण विकणारा सांगत नाही. ८५० बँडचे मोबाइल टॉवर ८६९ पासून वर प्रक्षेपण करतात, म्हणजे तुमच्या शेजारीच. गावात टॉवरखाली स्टेशन मांडलं की जमिनीवरचा नॉइजचा (रेडिओला ऐकू येणाऱ्या गोंगाटाचा) आकडा चढतो आणि पल्ला डोळ्यांदेखत आटतो. रानात टॉवरपासून लांब, शक्यतो मध्ये घर किंवा झाडांची आडोशी रांग घेऊन बसलं की फरक लगेच दिसतो. कायमचा इलाज म्हणजे ८६५-८६७ पुरता फिल्टर. तो मी मागवलाय, अजून आलेला नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. सिक रेडिओ चार आकडे दाखवतो: खालचा (जमिनीवरचा) सिग्नल, वरचा (ड्रोनवरचा) सिग्नल, खालचा नॉइज, वरचा नॉइज. बहुतेक जण पहिल्या दोनांकडेच बघतात. माझ्याकडे खाली नॉइज ४५ च्या आसपास आणि ड्रोनवर ७५. या आकड्यांत साधारण दोन अंक म्हणजे एक डेसिबल, म्हणजे ड्रोन स्वतःच स्वतःच्या कानाशी पंधरा डेसिबलचा गोंगाट करत होतं. हिशेब करा. १०० मिलिवॉटवरून १ वॉटवर गेलं की मिळतात १० डेसिबल. सहा डेसिबल गेले की पल्ला निम्मा होतो. वॉटचे पैसे मोजून जे कमावलं त्याहून जास्त त्या गोंगाटाने खाल्लं!

कुठून येतो हे शोधायची रीत सोपी आहे. प्रॉप (ड्रोनची पाती) काढा, ड्रोन टेबलावर ठेवा, रेडिओ जोडलेला ठेवा आणि एकेक गोष्ट बंद करत वरच्या नॉइजचा आकडा बघत रहा. जीपीएस काढला, काही नाही. कॅमेऱ्याचा प्लग ओढला आणि आकडा धाडकन खाली आला. दोषी होते दोघं: कॅमेऱ्याला ५ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर, आणि वाय-फाय कार्डापर्यंत गेलेली यूएसबीची उघडी वायर. वायरीला पीळ घातला, गोंगाट शोषणारे फेराइटचे कडे घातले, यूएसबीवर तांब्याची पट्टी गुंडाळून ती ग्राउंडला जोडली, आणि टेलिमेट्रीची अँटेना बॉडीवरून काढून मागच्या आर्मच्या टोकाला नेली. ७५ चे ५५ झाले. या एका दुपारच्या कामाने जे मिळालं ते कुठल्याही महागड्या मॉड्यूलने दिलं नसतं, आणि हे मी शंभर टक्के खात्रीने सांगतो.

तितकाच मोठा फरक पडला उंचीने. जमिनीवरची अँटेना ट्रायपॉडवरून पाच मीटरच्या दांडीवर नेली, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या वर. रेडिओला सरळ रेष पुरत नाही, रेषेभोवती मोकळी जागा लागते. एक किलोमीटरच्या मध्यावर ८६६ मेगाहर्ट्‌झला ती जवळजवळ साडेनऊ मीटर त्रिज्येची, ५.८ गिगाहर्ट्‌झला साडेतीन मीटरच्या थोडी वर. त्यामुळे कमी फ्रीक्वेन्सी पानांतून जास्त आरपार जाते हे खरं असलं तरी जमिनीलगत तिलाच जास्त अडचण होते. केबल मात्र जाड आणि आखूड घ्या. बारीक काळ्या केबलचे पाच मीटर टाकले की दांडीचा फायदा केबलच खाते. मी रेडिओच दांडीच्या टोकाला बांधला आणि खाली फक्त यूएसबी आणली.

व्हिडिओबद्दल. डब्ल्यूएफबी-एनजी वाय-फायची साधी कार्डं वापरतं, पण वाय-फायसारखी जोडणी करत नाही. वरचं कार्ड पाठवत राहतं, खालचं ऐकत राहतं, पोचपावती कुणी मागत नाही. दर ८ पॅकेटांमागे ४ जादा जातात आणि १२ पैकी कुठलीही ८ मिळाली की चित्र पूर्ण. म्हणून सिग्नल ढासळताना आधी ठिपके उमटतात, सावध व्हायला वेळ मिळतो. एमसीएस (हवेत डेटा किती दाटून भरायचा त्याची पायरी) १ वर ठेवा. तिथे हवेत १३ मेगाबिटची जागा असते आणि मी व्हिडिओ ४ वर चालवतो. एमसीएस ३ वर चित्र अप्रतिम दिसतं, पण उसाच्या कडेला पहिलं तेच तुटतं. खाली दोन कार्डं आहेत, एकाला पॅच (एकाच दिशेला बघणारी चपटी अँटेना), एकाला सर्व दिशांची अँटेना. ड्रोन डोक्यावर आलं की पॅच आंधळा होतो आणि दुसरी सांभाळते. दोघांची पॅकेटं एकत्र जुळवली जातात, हे या सॉफ्टवेअरचं मला सर्वांत आवडलेलं काम. अँटेना वर्तुळाकार ध्रुवणाच्या (लहर गोल फिरवत पाठवणाऱ्या) असतील तर दोन्ही टोकांना उजव्याच किंवा डाव्याच घ्या.

तक्रारीही आहेत. एका विक्रेत्याने उलट्या एसएमएचे (अँटेनाचा पेचाचा कनेक्टर) पिगटेल, म्हणजे अँटेना जोडायच्या आखूड वायरी, पाठवले. ते पेचात छान बसतात, पण आत पिनच नसते, आणि अँटेनाशिवाय ट्रान्समीटर चालू केला तर त्याचा शेवटचा टप्पा जळू शकतो. जोडण्याआधी आत डोकावून बघा. कार्डावरचा चिमुकला कनेक्टर कंपनाने उडतो, त्यावर गरम गोंदाचा थेंब हवाच. आणि एप्रिलमध्ये दुपारी ड्रोन जमिनीवर ठेवून कॅमेरा चालू ठेवला की कार्ड तापून बंद पडतं. हवेत वारा लागतो तेव्हा त्रास नाही. मी लहान पंखा बसवला आणि कार्डाला स्वतंत्र ५ व्होल्ट ३ अँपिअरचा पुरवठा दिला. फ्लाइट कंट्रोलरवरून दिलेला पुरवठा त्याच्या झटक्यांना पुरत नव्हता.

फेलसेफ (संपर्क तुटला की ड्रोनने आपोआप परत यायची सोय) प्रत्येक नव्या रानात तपासतो: मोकळ्यावर, कमी उंचीवर, ड्रोन हवेत असताना खालचा टेलिमेट्री रेडिओ बंद करायचा. पाचेक सेकंदांत ते घरी निघालं पाहिजे. अर्डुपायलटमध्ये परतीची उंची मुळात १५ मीटर असते. आमच्याकडे नारळ आणि हाय टेन्शनच्या तारा दोन्ही त्याहून वर आहेत, म्हणून मी ती ५० ठेवली आहे. ऑटो मिशनमध्ये (आधी आखून दिलेल्या वाटेवर उडताना) टेलिमेट्री तुटली तरी काम पुढे चालू ठेवायचा पर्याय आहे. मी तो वापरत नाही. फोटोंची एक रांग परत घेता येते.

घ्यावं का? मोकळ्या माळावर दोनशे-तीनशे मीटरच्या आत उडवणार असाल तर साधी १०० मिलिवॉटची जोडी पुरे, उरलेले पैसे चांगल्या अँटेनात घाला. ऊस, द्राक्षबागांचे मांडव, नदीचा उतार असं काही मध्ये येत असेल तर हे सगळं उपयोगाचं आहे, पण क्रम असा ठेवा: आधी ड्रोनवरचा नॉइज, मग दांडी, आणि वॉट सगळ्यात शेवटी.