ब्रसेल्स स्प्राउट्स: उकडावेत, भाजावेत, परतावेत की कच्चेच खावेत?

ब्रसेल्स स्प्राउट्सबद्दल, म्हणजे कोबीसारख्या दिसणाऱ्या इवल्याशा गड्ड्यांबद्दल, आपल्या लोकांत दोन तट आहेत. एकाला ते नकोच असतात, कारण कडू लागतात आणि घरभर वास सुटतो. दुसऱ्याने ते कुठल्याशा रेस्टॉरंटमध्ये कुरकुरीत खाल्लेले असतात आणि घरी तसे का होत नाहीत हे त्याला कळत नाही. दोघांच्या तक्रारीचं मूळ एकच, शिजवायची पद्धत. थंडीत इंग्लंड-हॉलंडमध्ये आणि अमेरिकेत हे इवलेसे गड्डे ढिगाने मिळतात, कधी अख्ख्या दांड्याला लगडलेलेसुद्धा. पुण्या-मुंबईतही मोठ्या सुपरमार्केटात दिसतात, पण भाव चांगलाच असतो. तेवढे पैसे मोजून पहिलाच घाणा बिघडू नये म्हणून हा आढावा.

कौल आधीच सांगून टाकते. घरात पहिल्यांदा आणले असतील तर ओव्हनमध्ये भाजा. रोजच्या पोळीबरोबर हवे असतील तर बिडाच्या तव्यावर परता. तेल अगदी कमी ठेवायचं असेल तर वाफवा. भांडंभर पाण्यात उकडायचं मात्र डोक्यातून काढून टाका.

कडूपणा येतो कुठून

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि हे स्प्राउट्स, सगळे एकाच वनस्पती-प्रजातीचे. या कुळात ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात. पान चिरलं किंवा चावलं की त्याच्या पेशींतलं मायरोसिनेज हे एन्झाइम या द्रव्यांना भिडतं आणि त्यातून झणझणीत पदार्थ तयार होतात. 1990च्या दशकात हॉलंडमध्ये हान्स व्हॅन डोर्न या शास्त्रज्ञाने स्प्राउट्सच्या कडूपणामागची नेमकी द्रव्यं शोधली: सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन. मग बियाणं कंपन्यांनी जुन्या वाणांच्या साठ्यातून कमी कडू वाण निवडले आणि भरघोस पीक देणाऱ्या वाणांशी त्यांचा संकर केला. त्यामुळे बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा खाऊन नाक मुरडलेल्यांनी पुन्हा चाखून बघायला हरकत नाही. तरीही काहींच्या जिभेला ते कडूच लागतात. तो नखरा नसतो, कडू चव टिपणारं जनुकच प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं.

घेताना छोटे, घट्ट आणि हातात जड लागणारे घ्या. पानं पिवळी पडलेली असतील तर सोडून द्या, जुन्या मालाला वास जास्त येतो. कडाक्याची थंडी पडल्यावर काढलेले गोडसर लागतात.

पाण्यात उकडणं विरुद्ध वाफवणं

इंग्लंडमध्ये ख्रिसमसच्या जेवणात स्प्राउट्स हवेतच. बुडाला फुलीसारखी चीर द्यायची आणि मऊ होईपर्यंत उकडायचं, ही तिथली जुनी रीत. त्या चिरेतून पाणी आत शिरतं आणि गड्डा आतून पचपचीत होतो. शिजवायला लागल्यावर पाच-सात मिनिटांच्या पुढे गेलं की गंधकाचा उग्र वासही झपाट्याने वाढतो. या भाजीची सगळी बदनामी त्या वासाने केलेली आहे.

पोषणाच्या बाजूनेही उकडणं मागेच पडतं. वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 साली कोबीवर्गातल्या चार भाज्या निरनिराळ्या पद्धतींनी शिजवून पाहिल्या. अर्धा तास उकडल्यावर स्प्राउट्समधली 58 टक्के ग्लुकोसिनोलेट्स कमी झाली. पाण्यात विरघळणारी ती द्रव्यं पाण्याबरोबरच गेली. तेच 20 मिनिटांपर्यंत वाफवून, 3 मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये किंवा 5 मिनिटं परतून फारशी घट झाली नाही. अर्धा तास कोण उकडतंय, असं म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. पण वारं कुठल्या दिशेला आहे ते कळतं. क जीवनसत्त्वाचंही तसंच. 100 ग्रॅम कच्च्या स्प्राउट्समध्ये ते साधारण 85 मिलिग्रॅम असतं, उकडून निथळलेल्यांत 62 च्या आसपास. कुकरची तर गोष्टच नको, एका शिट्टीत लगदा होतो.

वाफवायला वेगळं काही घ्यायची गरज नाही. मोदकपात्र आहे, नाहीतर पातेल्यावर चाळणी. अर्धे चिरलेले गड्डे पाणी खळखळल्यावर ठेवायचे, 6 ते 7 मिनिटं पुरतात. सुरीचं टोक आत जावं, पण देठाशी किंचित अडावं. रंग पोपटी-हिरवा असतानाच उतरवायचे. शेवाळी झाला की वेळ टळली. मायक्रोवेव्हमध्ये पाव किलोला दोन चमचे पाणी आणि झाकण, चार मिनिटांत काम होतं, फक्त सगळे सारखे शिजत नाहीत.

वाफवलेल्यांची अडचण एवढीच की चव सपक राहते. वर काहीतरी हवंच. माझी पसंती जिरं, लसूण आणि सुक्या मिरचीच्या फोडणीला, आणि शेवटी लिंबाला. डच घरांत उकडलेल्या स्प्राउट्सवर जायफळ किसतात, वाफवलेल्यांवरही ते छान लागतं, पण पोळीबरोबर नाही, बटाट्याबरोबर.

ओव्हन, एअर फ्रायर की तवा?

खरी निवड इथे आहे, कारण स्प्राउटची चव कोरड्या आचेवर बदलते. कापलेली बाजू तांबूस होते, आतली साखर खरपूस होते आणि कडूपणा मागे सरतो.

ओव्हनमध्ये अर्धा किलो गड्डे चौघांना पुरतात. देठाचा कडक तुकडा आणि सुटी, पिवळी पानं काढायची, उभे दोन भाग करायचे, धुवायचे आणि मग फडक्याने अगदी कोरडे पुसायचे. हे पुसणं टाळलं की पुढचं सगळं फसतं. ओले गड्डे ट्रेमध्ये भाजत नाहीत, वाफवले जातात. दोन मोठे चमचे तेल आणि मीठ चोळून कापलेली बाजू ट्रेला टेकवून एका थरात पसरायचे. एकमेकांवर चढवले तर परत तीच वाफ. 220 अंशाला (पंख्याचा ओव्हन असेल तर 200) 20 ते 25 मिनिटं. मध्ये उघडून हलवायची गरज नाही. तयार झाले की बुडं गडद तपकिरी दिसतात आणि सुटलेली पानं कागदासारखी पातळ, चुरचुरीत झालेली असतात. ती ताटात पोचेपर्यंत उरत नाहीत.

तेलाला घाबरू नका. दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे 240 कॅलरी, चौघांत वाटल्यावर माणशी 60. शिवाय स्प्राउट्समध्ये के जीवनसत्त्व भरपूर आहे आणि ते अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते. गाडी घसरते ती पुढे: बेकन, मेपल सिरप, मूठभर चीज. रेस्टॉरंटमधले कुरकुरीत स्प्राउट्स तर अनेकदा सरळ तळलेलेच असतात. अधूनमधून खायला बहार, पण मग त्यांना सॅलडच्या रांगेत बसवू नका.

एअर फ्रायर वेळ वाचवतो. 190 अंशाला 12 ते 15 मिनिटं, तेल एक चमचाही पुरतं. पण टोपलीत एका वेळी दोघांपुरतेच मावतात, आणि वाऱ्याच्या झोताने सुटी पानं उडून करपतात. चौघांच्या घरात दोन घाणे काढण्यापेक्षा ओव्हन बरा. एकट्यादुकट्याला एअर फ्रायरच.

माझ्याकडे आठवड्यातल्या बहुतेक दिवशी जिंकतो तो तवा. डोशाचा बिडाचा तवा किंवा जाड बुडाची कढई चांगली तापवायची, चमचाभर तेल, आणि गड्डे कापलेल्या बाजूने एकेक करून मांडायचे. मग चार-पाच मिनिटं हात लावायचा नाही. चुरचुर आवाज मंदावत आला की एक उलटून बघायचा, बूड खरपूस असेल तर दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवायचं. दोन-तीन मिनिटांची वाफ आतला भाग शिजवते. झाकण काढून पाणी आटू द्यायचं, झालं. दहा मिनिटांत भाजलेल्याची चव आणि वाफवलेल्याचा मऊपणा दोन्ही मिळतात, आणि एवढ्याशा भाजीसाठी ओव्हन तापवावा लागत नाही. कुरकुरीतपणात मात्र तो ओव्हनला हरतो, हे कबूल.

मसाला कुठला? कारल्याला आपण जे करतो तेच इथेही चालतं: आंबट आणि गोड. चिंचेचा दाट कोळ, सुपारीएवढा गूळ आणि अर्धा चमचा गोडा मसाला एकत्र करून गरम गड्ड्यांवर घोळवा. गोडा मसाला ओव्हनमध्ये आधी घालायचा नाही, 220 अंशाला तो जळतो. तीळ किंवा दाण्याचं भरड कूट वरून. पाश्चात्त्य पद्धतीच्या जेवणात हे नको असेल तर लिंबू आणि मिरपूड बास.

कोबीसारखी भाजी, आणि कच्ची कोशिंबीर

बारीक चिरून, हरभऱ्याची डाळ आणि ओलं खोबरं घालून कोबीसारखी भाजी करता येते. चांगली होते. पण मग कोबीच का नाही आणला, असं मला दर वेळी वाटतं. अर्ध्या पैशात जवळपास तीच चव. घरात उरलेले संपवायचे असतील तेव्हाच हा मार्ग.

कोशिंबिरीचं तसं नाही. कच्चे स्प्राउट्स किसणीच्या पातीवर केसासारखे पातळ काढायचे, मीठ-लिंबू चोळून दहा मिनिटं ठेवायचे, म्हणजे राठपणा जातो. त्यात फेसलेली मोहरी. आपण मोहरी पाण्याचा थेंब टाकून खलात फेसतो तेव्हा नाकात चढतो तो झणका सिनिग्रिनपासूनच तयार होतो, म्हणजे स्प्राउट्सचंच द्रव्य. एरवी दोष वाटणारा उग्रपणा इथे पदार्थाचा गुण होऊन बसतो. दही, चिमूटभर साखर, कोथिंबीर. फोडणीतली मोहरी हे काम करत नाही, कारण गरम तेलात एन्झाइम मरतं. शिजवलेल्या ब्रोकोलीवर कच्च्या मोहरीची पूड भुरभुरली तर तिच्यातलं सल्फोराफेन हे उपयुक्त द्रव्य वाढतं, असंही प्रयोगात दिसलेलं आहे.

जीवनसत्त्वांच्या हिशेबात कच्ची कोशिंबीर सगळ्यांत वरचढ. पण वाटीभरच करा. या भाजीतल्या काही शर्करा पोटात पचत नाहीत, आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वात होतो. ज्यांना कोबीनेही पोट फुगतं त्यांनी शिजवलेलेच खावेत, तेही थोडे.

आणखी काही व्यवहाराच्या गोष्टी

फ्रोझन स्प्राउट्स आधीच उकळत्या पाण्यातून काढलेले असतात, म्हणून कोशिंबिरीला कुचकामी. भाजायचे असतील तर वितळू न देता थेट गरम ट्रेवर टाका आणि 25 ते 30 मिनिटं द्या. ताज्यांइतके कुरकुरीत होत नाहीत, पण चिंच-गूळ घातल्यावर कोणी तक्रार करत नाही.

थायरॉइडचा त्रास असलेले लोक कोबीवर्गाला बिचकतात, कारण मायरोसिनेजमुळे ग्लुकोसिनोलेटपासून बनणारी काही द्रव्यं थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतात. शिजवल्यावर ते एन्झाइम निकामी होतं, आणि आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्याला बेताच्या प्रमाणात सहसा अडचण येत नाही. रोज वाडगाभर कच्चे मात्र टाळावेत. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी जास्त सावध राहायला हवं. के जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करतं, म्हणून एकदम भरपूर खाणं किंवा एकदम बंद करणं दोन्ही नको. प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

डब्याला द्यायचे असतील तर तव्यावरचे, चिंच-गुळाचे द्या, गार झाले तरी चांगले लागतात. ओव्हनमधले दुपारपर्यंत मऊ पडतात. आणि ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये कुठलेच गरम करू नका, शेजारच्या टेबलावरचे लोक बोलायचे बंद होतील.