पेजस्पीड इनसाइट्स: हिरवा आकडा कामाचा, पण कुठवर?

कोडिंग मला येत नाही. नाशकातल्या एका छोट्या वेब कंपनीत मी प्रोजेक्ट सांभाळते, म्हणजे क्लायंट आणि डेव्हलपर दोघांचीही बोलणी खाते. अशा माणसाला वेबसाइटचं पान किती वेगाने उघडतं ते तपासणारं गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे फुकटचं टूल फार उपयोगी पडतं. लॉगिन नाही, काही इन्स्टॉल करणं नाही. साइटचा पत्ता टाका, थोडं थांबा, की परफॉर्मन्स (वेग), ॲक्सेसिबिलिटी (अपंगांसह सगळ्यांना वापरता येणं), बेस्ट प्रॅक्टिसेस आणि एसईओ (गुगलसारख्या सर्चमध्ये सापडणं) असे चार गुण समोर येतात. ९० पासून पुढे हिरवा, ५० ते ८९ नारिंगी, त्याखाली लाल.

मला ते सगळ्यात जास्त आवडतं ते वाद मिटवायला. "पहिल्या पानावर पाचसहा फोटो फिरते ठेवा," हा हट्ट मिठाईवाल्यापासून कोचिंग क्लासपर्यंत सगळ्यांचा. मी म्हटलं, "साहेब, पान जड होईल," तर ते माझं मत ठरतं. रिपोर्टमध्ये एलसीपी लाल दिसला की साहेब खुर्चीत सरळ होतात. एलसीपी म्हणजे स्क्रीनवरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागलेला वेळ; तो २.५ सेकंदांच्या आत हवा. "माझ्या फोनवर तर पटकन उघडते" याचंही उत्तर इथे आहे, कारण मोबाइलची चाचणी मुद्दाम मध्यम फोन आणि हळू ४जी धरून होते. पान कसं कसं उमटत गेलं त्याची छोटी चित्रं ओळीने दिसतात. त्यातली पहिली तीनचार कोरी असली की मला काही बोलावंच लागत नाही.

दुसरा आकडा सीएलएसचा, ०.१ च्या आत हवा. "ऑर्डर करा" दाबायला जावं, तेवढ्यात वर फोटो लोड होऊन बटण खाली सरकावं आणि बोट भलतीकडेच पडावं, ते मोजणारा हा आकडा. उपाय बहुतेक वेळा साधा: फोटोची रुंदी-उंची आधीच लिहून ठेवणे.

आता कुरकुर. रिपोर्टच्या वरच्या भागात खऱ्या वापरकर्त्यांची २८ दिवसांची माहिती यायची असते, पण त्यासाठी साइटवर पुरेशी वर्दळ लागते. गावातल्या दुकानाच्या साइटला तिथे 'डेटा नाही' एवढंच. मग उरते ती प्रयोगशाळेतली, म्हणजे टूलने स्वतः पान उघडून केलेली चाचणी, आणि तिचा गुण दर खेपेला थोडा इकडेतिकडे होतो. सकाळी हिरवा, दुपारी नारिंगी, आणि क्लायंटचा फोन, "मॅडम, काय बिघडवलंत?" म्हणून मी दोनतीनदा चालवून मधला आकडा धरते.

ॲक्सेसिबिलिटीच्या गुणावर तर डोळे झाकून विसंबू नका. फिकट अक्षरं ते नेमकी पकडतं: साध्या मजकुराला ४.५ पट कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक लागतो, त्यामुळे पांढऱ्यावर ७७७७७७ या कोडचा करडा रंग ४.४८ वर नापास, आणि त्याहून नावाला गडद ७६७६७६ पास! पण फोटोवर छापलेल्या अक्षरांचा निवाडा त्याला नीट करता येत नाही. पानाची भाषा कोडमध्ये लिहिली आहे का, हे ते बघतं. मराठी पानावर इंग्रजी लिहिली असेल तरी त्याची हरकत नसते. अंधांना पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र त्यावरूनच आवाज निवडतो, आणि इंग्रजी आवाजाने मराठी वाचायला घेतलं की ऐकणाऱ्याची पंचाईत. ज्या फॉन्टमध्ये सोय असते, त्यात मराठी वळणाचा ल आणि श सुद्धा या नोंदीवरूनच उमटतो.

देवनागरीचं दुखणं याहून मोठं आहे. जोडाक्षरांमुळे आपले फॉन्ट रोमनपेक्षा जड. ते उशिरा आले की आधीच्या जागी दुसरी अक्षरं बसतात आणि ओळी हलतात. इथपर्यंत टूल सांगतं. पण इंग्रजीच्या मापाने ओळींतलं अंतर आवळून ठेवलं, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसला, तर गुणात काही फरक पडत नाही. दुकानाची वेळ आणि फोन नंबर तीन क्लिक आत लपवला तरी नाही. ते बघायला मी ऑफिसातल्या शिपाईकाकांना फोन देते आणि म्हणते, "काका, यातून पेढ्याचा भाव शोधून द्या बरं." ते कुठे अडतात, तिथे डिझाइन चुकलंय.

नव्याने शिकणाऱ्यांना आणि माझ्यासारख्या मॅनेजरांना हे टूल जरूर वापरा असंच सांगेन. फक्त कोटेशनमध्ये "१०० पैकी १०० देऊ" असं लिहू नका. मी लिहिते: मोबाइलवर एलसीपी २.५ सेकंदांच्या आत, सीएलएस ०.१ च्या आत, पानाची भाषा मराठी, आणि फिरते फोटो हवेच असतील तर त्याचे पैसे वेगळे.