स्टॅलियन ट्रकचं चार्जिंग, अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

फौजेच्या लिलावातून निघालेला अशोक लेलँड स्टॅलियन घेऊन बरेच महिने झाले, गाडी राजापूरच्या आसपास चिरा वाहते, पावसात खाणी बंद की मातीमुरूम. ओढायला तगडी, फोर बाय फोर टाकलं की कसल्या पण चिखलातनं बाहेर येते, ॲव्हरेजचं मात्र विचारू नका. लिहितोय ते बॅटरीच्या चार्जिंगबद्दल, कारण त्याने जाम डोकं खाल्लं होतं.

सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट्ट कट्ट, आणि संध्याकाळी अणुस्कुरा घाट उतरताना हेडलाईट पिवळट. मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन, एकदा चालू झालं की चार्जिंग नसलं तरी चालत राहतं, त्यामुळे दुखणं लवकर कळतच नाही. ज्याला दाखवली तो म्हणणार डायनामो गेला, नवीन टाका (असतो अल्टरनेटर, पण बोलताना सगळे डायनामोच म्हणतात). एकाने तर चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघायला हात घातला, त्याला म्हटलं थांब महाराजा. जुन्या काळच्या खऱ्या डायनामोला ते खपून जायचं, अल्टरनेटरवर असलं केलं की व्होल्टेज उसळतं आणि डायोड उडतात.

सिस्टीम 24 व्होल्टची, 12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे इंजिन चालू असताना साधारण साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस मिळायला हवेत. हेडलाईट लावून, रेस धरून मीटर लावला तर अल्टरनेटरवर 28.2 आणि बॅटऱ्यांवर जेमतेम 25.9. म्हणजे डायनामो कमावतोय पण घरात पैसा पोचत नाहीये. मग मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावलं तर 1.9 व्होल्ट तिथेच गायब, उरलेलं प्लसच्या वायरीत. अर्थिंगमध्ये फार तर दोन-तीन पॉइंट, म्हणजे 0.2-0.3 व्होल्ट जावेत. इंजिन बसलेलं रबराच्या माउंटिंगवर, त्यामुळे सगळा करंट, सेल्फचा सुद्धा, इंजिन ते चेसिस अर्थच्या पट्ट्यातनंच जातो. तो पट्टा वरनं धडधाकट, रबरी नळी कापली तर आत तांब्याचा हिरवा भुगा, चिमटीत चुरगळला. पट्ट्याच्या टोकाच्या लगखाली चेसिसवर रंगाचा थर तो वेगळाच. आमच्या खाऱ्या वाऱ्याला हे असं आतनं खायची सवयच आहे.

जाड तांब्याच्या वेल्डिंग केबलचा नवा पट्टा केला, दोन्हीकडची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईस्तोवर घासली, बोल्ट आवळल्यावर वरनं व्हॅसलिन (आधी नाही, नंतर). बॅटऱ्यांवर 27.9 आले आणि सेल्फचा आवाजच बदलला.

तरी एक बॅटरी मागेच राहायची. ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता, चार्ज उतरला की कमी होते) बघितली तर एकीची 1280, दुसरीची 1180, आणि चांगलीतलं पाणी भराभर आटतंय. आधीच्या कुणीतरी टेप आणि मोबाईल चार्जरसाठी खालच्या, म्हणजे अर्थकडच्या एकाच बॅटरीवरनं 12 व्होल्ट काढले होते. ती रोज उपाशी, आणि वरची ओव्हरचार्ज होऊन उकळतेय. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवला, दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या चार्ज करून मग जोडल्या. हा प्रकार अर्ध्याअधिक जुन्या ट्रकांत सापडेल, टेप लावून देणाऱ्याला ते सोपं पडतं.

आता पावसाळा, गणपतीतली गर्दी, सगळं काढलं. वायपर, हेडलाईट, फॉगलाईट एकत्र चालू असतानाही 27 च्या खाली सहसा येत नाही, फक्त आयडलवर 26 ला टेकतं. डॅशचा काटा भरवशाचा नाही म्हणून एक स्वस्तातला डिजिटल व्होल्टमीटर लावलाय, खरं तर पहिल्या दिवशीच लावावा. हौद्याच्या फाळक्याला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटऱ्यांच्या वायरी काढूनच करून घेतो, वेल्डरने कुरकुर केली तरी.

तक्रार म्हणाल तर अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा बोल्ट खाणीच्या रस्त्यावर सैल होतोच, मग पावसाळी सकाळी बेल्ट किंचाळतो. स्प्रिंग वॉशर, डबल नट झालं, फरक आहे पण पाना अजून सीटखालीच असतो.